ईकोनं एकटीनं स्पिती: आधी मुक्कामांचा कागद करा

राजारामपुरीतल्या एका ताईंनी विचारलंय. घरात पेट्रोलवरची पाच सीटर ईको आहे. मागं झोपायची सोय करून सप्टेंबरमध्ये किन्नौरमार्गे हिमाचलातल्या स्पितीला जायचंय, एकटीनं, आणि येताना कुंझुम खिंड ओलांडून मनालीला उतरायचंय. फ्रिज कुठला घ्यावा, छतावर सोलर किती वॅटचं लावावं, आतून पत्र्याला काय चिकटवावं, ईको एवढ्या उंचीवर चढेल का, आणि घरचे म्हणतात तसं एकटीनं जाणं खरंच धोक्याचं आहे का, हे त्यांचे प्रश्न.

ताई, मी उद्यमनगरात गाड्यांच्या आतली कामं करतो आणि व्हॅन घेऊन स्वतः हिमालयात जातो, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो. गाडी चढेल आणि तुम्हीही जाऊ शकाल. फक्त प्रश्नांचा क्रम बदलूया. फ्रिज आणि सोलर सगळ्यात शेवटी. आधी एक कागद घ्या, त्यावर कोणत्या रात्री कुठं झोपणार ते गावाच्या नावानिशी लिहा आणि नावासमोर त्या गावाची उंची मीटरमध्ये लिहा. एकट्या माणसाचा व्हॅनचा प्रवास बिघडतो तो बहुतेक वेळा झोपायची जागा चुकल्यामुळं. जागा फार उंच असते, दरडीखाली असते, गाडीत हवा खेळत नसते किंवा हाकेच्या अंतरावर माणूस नसतो. हा कागद नीट जमला की बाकीची तयारी आपोआप सुचत जाते.

उंचीपासून सुरुवात करू. कोल्हापूर साडेपाचशे-पावणेसहाशे मीटरवर आहे. स्पितीतलं मुख्य गाव काजा सुमारे ३,६५० मीटरवर. तिथं प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या मानानं दोन तृतीयांशाच्या आसपासच ऑक्सिजन मिळतो. शरीराला याची सवय होते, पण ती चढता चढता होत नाही, रात्री झोपल्यावर आणि दिवस गेल्यावर होते. म्हणून डोंगरातला जुना नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर आजची झोपायची जागा कालच्यापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र आहे त्याच उंचीवर काढायची. दिवसा कितीही वर फिरून या, झोपायला खाली या.

किन्नौरकडून जायचं ठरवलंत हे उत्तम केलंत, कारण तो रस्ता सतलजच्या काठानं सावकाश चढतो. मनालीहून जाणारा माणूस सुमारे २,०५० मीटरवर सकाळी उठतो, साडेचार हजाराच्या वरचा कुंझुम पार करतो आणि त्याच रात्री काजात डोकं धरून बसतो. तुमचा कागद साधारण असा व्हावा: नारकंडा (२,७०० च्या आसपास), मग सांगला (जवळपास तेवढंच), मग कल्पा (२,९६०) आणि तिथं दोन रात्री. पुढं बहुतेकजण नाकोला राहतात. नाको साडेतीन हजाराच्या बरंच वर आहे, म्हणजे कल्पाहून एका रात्रीत सहाशे-सातशे मीटरची उडी. मी नाकोला तळ्याकाठी चहा घेतो आणि झोपायला ताबोला जातो. ताबो ३,२८० मीटरवर आहे. कल्पाहून ताबो एका दिवसात जड वाटलं तर मध्ये पूहला थांबा, ते त्याहून खाली आहे. ताबोतला मातीचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, इसवी सन ९९६ चा आहे, त्यासाठी तसाही एक दिवस द्यायलाच हवा. मग काजा, तिथं दोन-तीन रात्री. लांगझा, कोमिक, हिक्कीम ही सगळी गावं ४,४०० ते ४,६०० मीटरच्या आसपासची. ती काजाहून दिवसा करा आणि संध्याकाळी परत या.

आता एकटं असण्याचा खरा मुद्दा. उंचीचा त्रास सुरू होतो तेव्हा डोकं दुखतं, मळमळतं, भूक मरते, झोप उडते. एवढ्यावर असेल तर वर जायचं नाही, तिथंच थांबायचं. पण बसल्या जागी दम लागायला लागला, खोकला वाढला, किंवा चालताना झोक जायला लागला, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, तर पाणी फुप्फुसात किंवा सूज मेंदूला धरतेय असं समजायचं. मग खाली उतरणं हाच उपचार, तोही त्याच तासाला. अडचण अशी की मेंदूला त्रास होतो तेव्हा ‘मला काही झालेलं नाही’ असंच त्या माणसाला वाटत असतं. दोघं असतील तर दुसरा ओळखतो. एकट्याला कोण सांगणार? म्हणून दोन गोष्टी नेमानं करा. सकाळ-संध्याकाळ सपाट जागी एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चाला. तोल गेला तर गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची. आणि जिथं रेंज आहे तिथं रोज ठरलेल्या वेळी घरी फोन करा, मेसेज नको. तुमचा आवाज रोज ऐकणारं माणूस तुमच्या बोलण्यातला फरक तुमच्याआधी ओळखतं.

उंचीचा त्रास टाळायला घेतात ती डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही हे इथूनच डॉक्टरांना विचारून ठरवा. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. गोळी घेतली म्हणून वरचा नियम सैल होत नाही. दुकानात मिळणारे ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटांत संपतात, त्यांच्या भरवशावर रात्र काढता येत नाही.

झोक जाणारा माणूस स्वतः गाडी चालवून उतरू शकत नाही. शिवाय काजाहून कुंझुमच्या बाजूनं खाली यायचं तर आधी हजारभर मीटर वर चढावं लागतं, म्हणजे उतरायला वाट एकच, जिकडून आलात तिकडची. यामुळंच माझं ठाम म्हणणं असं की ३,००० मीटरच्या वर एकही रात्र माणसांपासून लांब काढू नका. झोपा व्हॅनमध्येच, पण व्हॅन होमस्टेच्या अंगणात लावा. संडास वापरायचे आणि जागेचे पैसे विचारून द्या, रात्रीचं जेवण त्यांच्याकडंच घ्या. ओसाड जागी, नदीच्या वळणावर, ताऱ्यांखाली एकटीच व्हॅन असे फोटो पाहून आपल्यालाही वाटतं तसंच करावं. दिवसभर तशाच जागी बसा, पुस्तक वाचा, चहा करा, कोण नको म्हणतंय? अंधार पडायच्या तासभर आधी मात्र गावात या.

दिवसा थांबतानाही वर बघायची सवय लावा. २०२१ च्या जुलैत सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ दरड कोसळून पर्यटकांच्या टेम्पो ट्रॅव्हलरवर दगड आले आणि नऊजण गेले. त्याच ऑगस्टमध्ये निगुलसरीला राष्ट्रीय महामार्गावर एसटीसारखीच हिमाचलची बस दरडीखाली गेली. किन्नौरचा डोंगर ठिसूळ आहे. रस्त्यावर ताजे, धारदार कडांचे दगड पडलेत, डांबरावर पांढरे ओरखडे आहेत, कठडा बाहेर वाकलाय, अशा जागी फोटोलाही उतरू नका. सरळ पुढं निघा. पाऊस पडत असेल किंवा नुकताच पडून गेला असेल तर कल्पातच आणखी एक दिवस काढा. कोरड्या नाल्याच्या पात्रात, पुलाखाली, नदीच्या वाळूवर गाडी लावायची नाही. वर कुठंतरी पाऊस झाला की खाली ऊन असतानाच पाणी येतं.

गाडीच्या आतलं काम हा माझा रोजचा विषय, तरी यात थोडक्यातच भागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात नोंदलेल्या मूळ रचनेत फरक करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच पक्कं केलंय. म्हणून पत्रा कापणं, छत उंचावणं, सीट कायमच्या काढणं यात पडू नका. दंडापेक्षा मोठी भीती अशी की उद्या अपघात झाला तर विमा कंपनी बोट तिथंच ठेवते. एक इंची ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची चौकट करा, सीटच्या मागं आणि सीटवर टेकणारी, पट्ट्यांनी आवळलेली, दहा मिनिटांत बाहेर निघणारी. वर १२ एमएमचा प्लाय. एक आठ बाय चारची शीट वीस किलोच्या वर भरते हे लक्षात ठेवा. इथले सुतार प्रेमानं १८ एमएमची कपाटं करून देतात आणि गाडी घाटात धापा टाकते. कपाटं नकोतच. प्लॅस्टिकचे क्रेट, ते रॅचेट बेल्टनं चौकटीला बांधलेले. बांधलेलं नसेल ते जोरात ब्रेक मारल्यावर तुमच्या मानेवर येणार. रात्री उठून थेट स्टिअरिंगवर जाता आलं पाहिजे, म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर सामान ठेवायचं नाही, गाडी तोंड रस्त्याकडं करून लावायची, किल्ली रोज एकाच खिशात.

पत्र्याला आतून क्रॉसलिंक फोम लावा, काचांना त्याचेच चांदी लावलेले तुकडे मापानं कापा. पण थंडीपेक्षा आधी ओलाव्याचा विचार करा. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात पेला-दीड पेला पाणी हवेत जातं. काचा पूर्ण बंद ठेवून झोपलात की ते सगळं गार पत्र्यावर जमतं. गगनबावड्याला पावसाळा संपताना व्हॅनमध्ये झोपून बघा. पहाटे छताच्या मधल्या वळीवर थेंबांची ओळ धरलेली दिसते, आधी बारीक घामासारखी, मग दोन-तीन थेंब एकत्र येऊन वळीच्या कडेकडेनं सरकतात आणि नेमके उशीच्या बाजूला गळतात. गोधडीच्या वरच्या थराला हात लावला तर दमट लागतो. काजात हेच पाणी गोठतं आणि सूर्य आला की एकदम सुटतं. उपाय साधा आहे: समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या, त्यांना मच्छरजाळी. थंडी येईल, येऊ दे, ती पांघरुणानं अडवा. फोमची जाड गादी खाली हवीच, कारण थंडी जास्त येते ती खालच्या पत्र्यातून. वर चांगली स्लीपिंग बॅग आणि तिच्यावर आपली धनगरी घोंगडी. लोकर दमट झाली तरी ऊब धरते.

याच काचांशी जोडलेला दुसरा मुद्दा जिवावरचा. गाडी उबदार करायला आत शेगडी, कोळसा, गॅस पेटवायचा नाही, आणि इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस जागा होत नाही. बॅटरीवरचा सीओ अलार्म उशाशी ठेवा. सगळ्या सामानात ही एकच वस्तू अशी की पैसे कमी पडले तर बाकी काहीही वगळा, ही नको.

स्वयंपाक मागचा दरवाजा वर करून, शेगडी बाहेर ठेवून. ईकोचा तो दरवाजा पावसात छप्पर होतो, हे तिचं मोठं सुख. घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर गाडीत घेऊ नका. ब्युटेनची छोटी नळकांडी चालतात, पण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं, त्यामुळं कुंझुमच्या अलीकडच्या, काजाहूनही उंच लोसरसारख्या गावात सकाळी शेगडी मिणमिणते. नळकांडं अर्धा तास जॅकेटच्या आत धरा, आगीजवळ मात्र नेऊ नका. काजात पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ तासभर ठेवली तरी दाताखाली येते. दोन लिटरचा कुकर घ्या. आणि इथून कांदा-लसूण चटणी, शेंगदाणे-गूळ, भडंग, मेतकूट भरपूर न्या. उंचीवर भूक मरते, तेव्हा समोरचा थुक्पा नकोसा झाला तरी ओळखीची चव दोन घास पोटात जाऊ देते.

आता फ्रिज. नको. सप्टेंबरात स्पितीत रात्री बाहेर ठेवलेलं दूध तसंच राहतं. फ्रिज गेला की विजेचा हिशोब लहान होतो: दिवा, दोन फोन, कॅमेरा, कधी लॅपटॉप, सगळं मिळून दिवसाला शंभर वॅट-तासांच्या आसपास. १२ व्होल्टची ५० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सहाशेच्या वर देते. तुम्ही रोज थोडी तरी गाडी चालवणार, त्यामुळं सोलरही नको. अल्टरनेटरवरून डीसी-टू-डीसी चार्जरनं भरा, बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभराच्या आत फ्यूज. गाडीच्या स्टार्टरच्या बॅटरीला थेट जोडून दिवे लावायचे नाहीत. एक लक्षात ठेवा, ही लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर खराब होते, म्हणून गार सकाळी गाडी सुरू केल्यावर लगेच चार्जर चालू करू नका, आतलं तापमान चढू द्या.

ईकोबद्दल. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. कुंझुमच्या उंचीवर चाळीसेक टक्के गेलेली असते. मागच्या चाकांवर चालणारी गाडी असल्यानं मागं थोडं वजन असलं तर चढावर पकड मिळते, पण एकूण वजन कमीच हवं. पहिल्या गियरमध्ये शांतपणे चढवा, हाफ क्लच धरून ठेवू नका. तिथं क्लच जळला तर प्लेट मिळेपर्यंत मुक्काम. उतारावर ज्या गियरमध्ये चढली असती त्याच गियरमध्ये उतरवा. निघण्यापूर्वी ब्रेक ऑइल नवं भरा, जुन्यात ओलावा शिरलेला असतो आणि लांब उतारावर ब्रेक तापले की पेडल खाली जातं. कूलंट योग्य प्रमाणात हवं, नुसतं पाणी असेल तर गोठेल. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. पेट्रोल रेकाँग पिओच्या खाली पोवारीला भरा, पुढचा पंप थेट काजात असं धरून चला, मध्ये दोनशेच्या आसपास किलोमीटर.

आणि कुंझुमवरून मनालीला उतरायचा बेत सोडा, हे मी आग्रहानं म्हणतो. कुंझुमच्या पलीकडचा बातल ते ग्राम्फूचा टप्पा दगडधोंड्यांचा, त्यात बर्फाच्या पाण्याचे नाले रस्त्यावरून वाहतात. सकाळी लवकर पाणी घोट्याएवढं असतं. ऊन चढेल तसा बर्फ वितळतो आणि दुपारी तोच नाला गढूळ होऊन गुडघ्यापर्यंत येतो, तळाचे गोटे सरकल्याचा आवाज काठावर ऐकू येतो. त्या रस्त्यानं बस जाते हे खरं, पण बसचं चाक केवढं आणि ईकोचं तेरा इंची केवढं. एकट्या माणसाची गाडी तिथं दगडावर टेकली तर ढकलायला कोणी नाही. चंद्रताल बघायचाच आहे ना? काजातून जीप करा, ईको होमस्टेच्या अंगणात ठेवून दिवसात जाऊन या. तलावाच्या काठावर तंबू आणि मुक्कामाला तशीही बंदी आहे. परत किन्नौरच्याच रस्त्यानं या. जाताना डाव्या हाताला दिसलेली सतलज येताना उजव्या हाताला असते आणि तो रस्ता वेगळाच वाटतो.

घरच्यांच्या काळजीबद्दल. रात्री-अपरात्रीच्या भीतीपेक्षा मला तुमच्या शिमल्यापर्यंतच्या दोन हजार किलोमीटरची काळजी जास्त वाटते. झोप अनावर झालेली असताना हायवेवर गाडी दामटणं हा सगळ्यात मोठा धोका. सूर्य मावळला की थांबा. मोठ्या, उजेडाच्या, कुटुंबं थांबतात अशा पंपावर मॅनेजरला सांगून गाडी लावा, चहूबाजूंनी पडदे, म्हणजे आत किती माणसं आहेत ते बाहेरून कळत नाही. जागा मनाला पटली नाही तर लॉजवर जा. पैसे गेले तर जाऊ देत. वरच्या भागासाठी एक सिम बीएसएनएलचं ठेवा, नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या. परदेशी ऑनलाइन दुकानांत दिसणारं सॅटेलाइटचं यंत्र मात्र मागवू नका, परवान्याशिवाय ते जवळ बाळगणं भारतात गुन्हा आहे. मुक्कामांच्या कागदाची एक प्रत घरी द्या आणि ठरवून टाका: ज्या रात्री रेंज नसेल, तिच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत फोन आला नाही तर घरच्यांनी आधी त्या होमस्टेला आणि मग तिथल्या पोलिसांना फोन करायचा. नंबर कागदावरच लिहा. ही व्यवस्था समोर ठेवून बोललात की घरातलं बोलणं निम्मं शांत होतं.

निघण्याआधी इथंच सराव करा. पहिली रात्र घराच्या दारात, दुसरी गगनबावड्याला कुणाच्या तरी शेतघराच्या अंगणात विचारून. राधानगरी, दाजीपूरच्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री थांबू नका. तिसरी आंबोलीला, धुक्यात. जाताना भुईबावडा घाट दुसऱ्या गियरवर, ब्रेकला पाय कमीत कमी लावत उतरवून बघा. खाली पोचल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, कुठलं जास्त तापलंय ते कळेल. एखादंच चाक भाजण्याइतकं तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय, तो निघण्यापूर्वी दुरुस्त व्हायला हवा.

तारीख मी सप्टेंबरचा दुसरा आठवडा धरीन, म्हणजे किन्नौरचा पाऊस ओसरत आलेला असतो आणि काजाच्या रात्री अजून सोसण्यासारख्या असतात. त्या वर्षी गणपती उशिरा असतील तर विसर्जन करून निघा, पण मग घोंगडी एक जास्त घ्या आणि लोसरचा मुक्काम कागदावर लिहिला असेल तर तो खोडा. चौकटीचं माप घ्यायला गाडी आणाल तेव्हा तो कागदही सोबत आणा. आधी उंच्या बघू, मग पाइप कापू.